नवा मंगळ नको

‘ते त्यांच्या रक्तातच आहे हो!’ हे वाक्य आपल्या घराघरांतून किती सहजपणे उच्चारले जाते! मुलगा गणितात हुशार निघाला, की ती हुशारी आजोबांच्या रक्तातून आलेली असते. मुलगी हट्टी निघाली, की तो हट्ट आजोळच्या रक्तातून आलेला असतो. (हुशारी बहुधा वडिलांच्या बाजूने येते आणि हट्ट आईच्या बाजूने, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.) ‘खाण तशी माती’ ही म्हण तर आपल्या जिभेवर सदैव तयार असते. अशा रीतीने बिचाऱ्या रक्तावर आपण नाना प्रकारची ओझी लादतो. आणि जे खरोखरच आईबापांकडून मुलांकडे चालत येते, त्याविषयी मात्र आपल्या घरांत मौन पाळले जाते.

माझ्यापुरते बोलायचे, तर मी जन्माने कोंकणी आहे असे लोक म्हणतात. वस्तुतः कोंकणी मला जन्माने मिळाली नाही. ती मला आईच्या मांडीवर मिळाली. घरात कोंकणी, वर्गात मराठी आणि भोपाळच्या बाजारात हिंदी, असा माझा दिवस जातो. रक्ताला आम्ही घरी ‘रगत’ म्हणतो. पण हे ‘रगत’ कितीही बारकाईने तपासले, तरी मी कोणत्या भाषेत हिशेब करते आणि कोणत्या भाषेत रागावते, हे कोणताही वैद्य सांगू शकणार नाही. मग आईबाप आपल्याला देतात तरी काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता’ या धड्यात दिलेले आहे. परीक्षा झाली की विद्यार्थी हा धडा विसरतात आणि कला शाखेकडे जाणारे तर तो दुप्पट वेगाने विसरतात. मी स्वतः कला शाखेची पदवीधर. तरीही, किंबहुना म्हणूनच, या धड्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. कारण माझ्या मते हा धडा आता केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा राहिलेला नाही. त्याचे कारण आपल्या शहरातच घडले.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी, बिरसा मुंडा यांच्या जयंतीच्या दिवशी, भोपाळच्या जंबूरी मैदानावर फार मोठा मेळावा भरला होता. त्या समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते मध्य प्रदेशाच्या सिकलसेल मोहिमेचा प्रारंभ झाला आणि काही लोकांच्या हाती एकेक कार्ड देण्यात आले. ज्याचे कार्ड, त्याच्या रक्तातील एका विशिष्ट जनुकाची स्थिती त्यावर नोंदलेली. पुढे १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून हीच मोहीम सर्व देशासाठी सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करावयाचे, असे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर करण्यात आले. म्हणजे जे जनुक आजवर धड्यातील आकृतीत होते, ते आता लोकांच्या खिशात आले आहे. खिशात आलेली वस्तू समजून घेतली नाही, तर काय होते, हाच माझ्या लेखाचा विषय.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत एक केंद्रक असते आणि त्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. तेवीस आईकडून आलेली, तेवीस वडिलांकडून आलेली; अशा तेवीस जोड्या. ही ४६ संख्या आज आपण पाढ्यासारखी म्हणतो. परंतु १९५६ पूर्वीच्या पुस्तकांत ती ४८ अशी छापलेली असे. जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्यो आणि त्यांचे स्वीडिश सहकारी अल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये नव्या पद्धतीने गुणसूत्रे नीट पसरून मोजली, तेव्हा ती ४६ भरली. तीस वर्षांहून अधिक काळ विद्वान मंडळी ४८ मोजत होती; मुलांनो, छापलेले सगळेच खरे नसते याचे इतके सुंदर उदाहरण दुसरे मिळणार नाही!

या गुणसूत्रांची कल्पना मला एखाद्या ग्रंथसंग्रहासारखी करावीशी वाटते. तेवीस खंडांचा एक संच आईने दिला, तेवीस खंडांचा तोच संच वडिलांनी दिला. प्रत्येक खंडाच्या दोन प्रती आपल्यापाशी आहेत. या खंडांतील एकेक उपयुक्त परिच्छेद म्हणजे एकेक जनुक. शरीरातील प्रथिने कशी घडवावीत याच्या सूचना देणारी अशी सुमारे वीस हजार जनुके मनुष्यापाशी आहेत. सारा ग्रंथ केवळ चार अक्षरांत लिहिलेला आहे: अ, थ, ग आणि स. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन या चार रसायनांची ही आद्याक्षरे. एका संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. ही लिपी वाचण्याची किल्ली शोधून काढणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोघा शास्त्रज्ञांसमवेत मिळाले, ते त्याचसाठी.

तीनशे कोटींत एक अक्षर चुकले तर काय बिघडणार, असे कोणास वाटेल. मराठी माणसाने तरी असे म्हणू नये. ‘ध चा मा’ केल्याची कथा आपल्या लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावे’ याचे ‘मारावे’ झाले आणि होत्याचे नव्हते झाले, अशी आख्यायिका आहे. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिन घडविणाऱ्या एका जनुकात अगदी असाच प्रकार होतो. एका ठिकाणी ‘अ’ च्या जागी ‘थ’ येतो. त्यामुळे १४६ दुव्यांच्या साखळीतील सहावा दुवा बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलीन बसते. बस, एवढेच. परंतु असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देताच एकमेकांस चिकटू लागते, त्याच्या ताठ तारा बनतात आणि वाटोळी, मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणून तिचे नाव सिकलसेल. आपल्या पुस्तकांत यास ‘दात्रपेशी पांडुरोग’ असाही शब्द दिलेला आढळतो. दात्र म्हणजे विळा. शब्द शुद्ध आहे, पण ज्या गावातून विळा रोज वापरला जातो, तेथे तो कोणास कळणार नाही.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकलेली पेशी दहावीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी पडते. शिवाय या ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकल्या की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. थंडी, ताप, पाण्याची कमतरता, फार श्रम, ही निमित्ते पुरतात. लहान मुलांची बोटे सुजतात. प्लीहा निकामी होऊन साधा संसर्गही जिवावर बेततो. शाळेत वारंवार गैरहजर राहणारे, धावण्याच्या तासाला झाडाखाली बसून राहणारे, कातडी पिवळसर दिसणारे मूल ‘आळशी’ ठरते. आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने हा शब्द उच्चारण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे मला वाटते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा रोग व्हावयाचा, तर त्या परिच्छेदाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. एकच प्रत बिघडलेली असेल आणि दुसरी चांगली असेल, तर चांगली प्रत काम निभावून नेते. अशा मनुष्यास ‘वाहक’ म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. तो शेत नांगरतो, डोंगर चढतो, परीक्षा देतो, नातवंडे खेळवतो. आणि बहुधा आपण वाहक आहोत हे त्याला आयुष्यभर ठाऊकही नसते. अगदी क्वचित, अतिश्रमाच्या वा प्राणवायू विरळ असलेल्या ठिकाणी त्याला जपावे लागते, इतकेच.

आईबाप दोघेही वाहक असतील तर? आमच्या वर्गात हे मी चिंचोक्यांनी शिकवले. सारीपाट खेळताना आपण चिंचोका मधोमध फोडून घेतो. एक बाजू काळसर, एक पांढरी. एक फोड आईची, एक बापाची. दोन्ही एकदम टाकायच्या. दोन्ही पांढऱ्या पडल्या, तर मूल पूर्ण निर्दोष. एक पांढरी आणि एक काळी, तर वाहक. दोन्ही काळ्या, तर रोगी. पुष्कळ वेळा टाकल्यावर सुमारे चौथा हिस्सा रोगी, अर्धे वाहक आणि चौथा हिस्सा निर्दोष, असा हिशेब जुळू लागतो. (विज्ञानाच्या आमच्या सहकाऱ्यांनी चिंचोक्याच्या दोन बाजू सारख्या वजनाच्या नसतात, असा आक्षेप घेतला. तो रास्त होता. ज्यांना अचूकपणा हवा, त्यांनी नाणी घ्यावीत. मुलांना मात्र चिंचोकेच आवडले.) हाच हिशेब ग्रेगोर मेंडेल नावाच्या धर्मोपदेशकाने ब्रुनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे मोजून मांडला होता. १८६६ साली तो छापला गेला आणि १९०० सालापर्यंत कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही. तोवर मेंडेल जाऊन सोळा वर्षे झाली होती.

या खेळात एका मुलाने विचारलेला प्रश्न येथे मुद्दाम नमूद करते. तो म्हणाला, ‘‘बाई, एकदा दोन्ही काळ्या पडल्या म्हणजे पुढच्या तीन वेळा भीती नाही ना?’’ पुष्कळ मोठी माणसेही असेच समजतात: चारांतून एक रोगी व्हायचा होता, तो झाला, आता पुढची तीन सुखरूप! परंतु चिंचोक्यांना मागच्या फेकीची आठवण नसते. प्रत्येक अपत्याच्या वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. एवढी एक गोष्ट जरी घरोघरी समजली, तरी कितीतरी आईबापांची आशाभूल टळेल.

आणि आईबापांपैकी एकच वाहक असेल, दुसऱ्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील, तर? तर त्यांचे एकही मूल या रोगाचे रोगी होणार नाही. काही मुले वाहक होतील, इतकेच. मात्र दुसरा जोडीदार थॅलेसेमिया नावाच्या भाऊबंद दोषाचा वाहक असता कामा नये, ही एक अट आहे. कारण हे दोन दोष एकत्र आले तरीही मूल आजारी होऊ शकते. थॅलेसेमिया तर शहरांतील सुखवस्तू घराण्यांतही पुष्कळ आढळतो. म्हणून ‘हा जंगलातल्या लोकांचा रोग, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचे रक्त तपासून घ्यावे.

चांगल्या प्रतीच्या आड वाईट प्रत पिढ्यान्पिढ्या कशी लपून राहते, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे आणि त्याचा मान एका मराठी डॉक्टरांकडे जातो. १९५२ साली डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना असे रक्त आढळले, की ते ओ गटाचे दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. आज जगभर त्यास ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. अशा माणसाचे आईबाप सामान्य रक्तगटांचेच असतात. दोघांनीही एकेक लपलेली प्रत दिली, तेव्हाच हे रक्त प्रकट होते. याच १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये सिकलसेल आढळल्याचे लेहमान आणि कटबुश यांनी प्रसिद्ध केले आणि १९५८ साली नागपूरचे डॉक्टर शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातही ते आहे हे दाखविले. विदर्भात या रुग्णांची संघटना बांधण्यासाठी नागपूरच्या संपत रामटेके यांनी आपले आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांच्या नावापुढे पद्मश्री लागली. विदर्भातील नातलग असलेली कित्येक मराठी कुटुंबे भोपाळात आहेत. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

हे जनुक आपल्या या मध्य भारताच्या पट्ट्यातच एवढे का टिकले? त्यात कोणाच्या पूर्वजांचे पाप नाही. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले, की वाहकाचे हिवतापापासून बऱ्याच अंशी रक्षण होते. जेथे हिवतापाने मुले पटापट मरत, तेथे वाहक मुले तगली आणि त्यांनी ती प्रत पुढे दिली. ज्यास आज आपण दोष म्हणतो, ते एके काळी कवच होते. श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालयात गोंड, भिल्ल, कोरकू इत्यादिकांची घरे आपण सहलीत कौतुकाने पाहतो. त्या घरांतील माणसांनी हिवतापाच्या अरण्यांत पिढ्यान्पिढ्या कशी काढली, याच्या उत्तराचा एक अंश हे जनुकही आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळते. या कार्डाविषयी एक घोषणा आपल्याकडे वारंवार ऐकू येते: विवाहापूर्वी पत्रिका जुळो न जुळो, सिकलसेलचे कार्ड जुळलेच पाहिजे. घोषणा आकर्षक आहे आणि तिच्यामागील हेतू शुद्ध आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु पत्रिकेची उपमा मला धोक्याची वाटते. पत्रिकेने आपल्या समाजात काय केले आहे, हे आपण सारे जाणतो. मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला, की ती मुलगी म्हणून उरत नाही, मंगळ म्हणूनच उरते. आईबाप तो लपवितात, खोटी पत्रिका करवून आणतात, उपाय सुचविणाऱ्यांचे खिसे भरतात. मुलाचा मंगळ मात्र बहुधा सौम्य असतो! उद्या ‘ती वाहक आहे’ हे शब्द याच सुरात उच्चारले जाऊ लागले, तर विज्ञानाने आपल्याला एक नवा मंगळ दिला, असेच म्हणावे लागेल.

ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाच्या गावी सुमारे चौथा हिस्सा लोक सिकलसेलचे वाहक होते. तेथे शास्त्रज्ञांनी सर्वांचे रक्त तपासले, प्रत्येकास निकाल सांगितला, सल्लाही दिला. काही वर्षांनी ते परतले, तेव्हा त्यांना दिसले की वाहकांना गावकरी रोगीच समजू लागले होते. वाहक मुलींना स्थळे मिळेनात. कित्येकांनी निकाल दडवून लग्ने केली. आणि वाहकांचे वाहकांशी होणारे विवाह मुळीच घटले नव्हते. १९७४ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अमेरिकेतही त्याच सुमारास काही राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या तपासणीचे कायदे घाईघाईने केले. वाहक आणि रोगी यांतील भेद नीट न कळल्याने निरोगी माणसांना नोकरीत आणि विम्यात अडचणी सोसाव्या लागल्या.

याउलट सायप्रस बेटाचे पाहा. तेथे थॅलेसेमियाचा प्रादुर्भाव मोठा. १९८० च्या दशकात तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास सुरुवात केली. परंतु दाखला कशाचा? तर दोघांची तपासणी झाली आणि दोघांना सल्ला मिळाला, एवढ्याचाच. निकाल काय लागला, हे त्या दोघांशिवाय कोणास कळत नसे आणि विवाहास आडकाठीही नसे. बहुतेक जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत. गर्भावस्थेतील तपासणीचा मार्ग पत्करला. थॅलेसेमिया घेऊन जन्मणाऱ्या मुलांची संख्या तेथे जवळजवळ शून्यावर आली. तपासणी दोन्ही ठिकाणी झाली. भेद पडला तो समज आणि गुप्तता यांचा.

भोपाळकरांना तर हे परदेशांतून शिकण्याचे कारण नाही. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर वायुबाधित वस्त्यांतील मुलींच्या लग्नांत कशा अडचणी आल्या, त्यांना मुले होणार नाहीत अशा वावड्या कशा उठल्या, हे जुन्या भोपाळात राहणाऱ्या कोणत्याही वडीलधाऱ्या बाईंना विचारावे. त्या वेळी बाधितांच्या रक्तातील गुणसूत्रांचा अभ्यास येथील संशोधकांनी केला होता आणि काहींत मोडतोडही आढळली होती. परंतु रक्तपेशीतील गुणसूत्र मोडले म्हणजे ते मुलांकडे जाते, असे नव्हे; मुलांकडे जाते ते केवळ बीजपेशींतले. हा साधा भेद किती लोकांना ठाऊक होता? विज्ञानाचा अर्धवट कानावर पडलेला शब्द अडाणीपणापेक्षाही अधिक जाच करतो.

आपल्या जुन्या रूढींतही थोडे विज्ञान आहे आणि थोडे नाही. सगोत्र विवाह वर्ज्य. पण मामाची मुलगी मात्र महाराष्ट्रात आणि आमच्या कोंकणपट्टीत कित्येक ठिकाणी हक्काची! गोत्र बापाकडून लेकाकडे जाते, अगदी वाय या गुणसूत्राच्या वाटेने. पण उरलेल्या गुणसूत्रांना गोत्र ठाऊक नसते. आतेमामेभावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा एकाच पूर्वजाकडून आलेला असतो. तेव्हा एकच लपलेली प्रत दोघांपाशीही असण्याचा संभव बराच वाढतो. ‘नात्यातली मुलगी, घर पाहिलेले’ हा युक्तिवाद जनुकांपुढे उलटा पडतो. ज्या घराण्यात असे रुग्ण झालेले आहेत, तेथे तरी ही सोयरीक विचारपूर्वकच करावी.

वाय गुणसूत्राचा उल्लेख आलाच आहे, तर एक जुनी तक्रारही येथेच निकालात काढते. आईपाशी एक्स आणि एक्स. तिने काहीही दिले तरी एक्सच देणार. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या विदुषीने १९०५ साली पिठातल्या किड्यांत हे पाहिले, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही ‘हिला मुलीच होतात’ हे वाक्य अजून आपल्या ओट्यांवर ऐकू येते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली, तर देशाने १९९४ साली कायदा केला. सासूच्या जिभेविरुद्ध अद्याप कायदा झालेला नाही. मात्र माझ्या विद्यार्थिनींनो, हे समजल्यावर उलट बापावर ठपका ठेवावयासही निघू नका. कोणता वाय आणि कोणता एक्स पुढे जाईल, हे त्याच्याही हाती नसते. चिंचोके टाकणाऱ्यावर रागावून काय उपयोग?

तर मग करावे काय? तपासणीला माझा विरोध नाही. तपासणी अवश्य व्हावी. रोगी मुलास लवकर ओळखले, तर हायड्रॉक्सीयुरिया, लसी, भरपूर पाणी आणि वेळेवर उपचार यांनी त्याचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका येथे जनुकांत फेरफार करून या रोगावर इलाज करण्यास मान्यताही मिळाली. तो आज सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नाही, पण वाट उघडली हे खरे. माझे म्हणणे एवढेच, की कार्ड हाती पडण्यापूर्वी धडा डोक्यात शिरला पाहिजे. तो केवळ विज्ञान शाखेत नव्हे, दहावीपर्यंत सर्वांना, त्यांच्या भाषेत, चिंचोक्यांनी आणि नाण्यांनी शिकविला गेला पाहिजे. आणि पालकांच्या सभेतही, केवळ मुलांची प्रगतिपुस्तके वाटून न थांबता, हा खेळ एकदा खेळला गेला पाहिजे. गोंडी आणि भिली बोलणाऱ्या मुलांना तो त्यांच्याच बोलीत सांगणारा मनुष्य शोधून काढावा. ‘अप्रभावी जनुक’ हा शब्द पाठ करून घेतल्याने काही साधत नाही.

शाळांतून तपासणीचे पथक येते, तेव्हा आणखी एक पथ्य पाळावे, अशी माझी मुख्याध्यापकांना आणि सहकाऱ्यांना विनंती आहे. पथकाजवळ प्रथम जी सोपी चाचणी असते, तिने वाहक आणि रोगी यांतील भेद कळत नाही. त्यासाठी दुसरी, सूक्ष्म चाचणी करावी लागते. पहिल्या चाचणीत ‘आहे’ निघालेल्या मुलांची नावे वर्गात वाचून दाखविणे, त्यांना वेगळ्या रांगेत उभे करणे, फळ्यावर यादी लावणे, हे सर्वथा वर्ज्य असावे. दुसऱ्या चाचणीचा निकाल बंद पाकिटात आईबापांच्या हाती द्यावा. पाकीट देताना शक्यतो दोघांनाही बोलवावे, एकट्या आईला नव्हे.